वाढवाई

१

सकाळचा पहिला चहा गाळला की मी भट्टी बायकोच्या हवाली करायचो आणि पाण्याचे दोन कॅन उचलून मागच्या रानात जायचो. रान हा आपला मोठेपणाचा शब्द. येरमाळ्याच्या पुढं हायवेला चिकटून आमचं गाव, गावाच्या तोंडाशी माझं चहा-भज्यांचं हॉटेल, आणि हॉटेलच्या मागं शाळेच्या भिंतीपर्यंत गावाची पडीक जागा. रस्ता चौपदरी झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे वड गेले. सावली उरली ती फक्त एसटीच्या निवाऱ्यात, आणि तिथं माणसांच्या आधी कुत्री जागा धरायची.

पडीक जागेत झाडं लावायचं खूळ गोरोबाचं. गोरोबा माझा शाळेपासूनचा दोस्त, एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोला तिकिटं फाडून देण्यापेक्षा हे बरं, असं तो म्हणायचा. मीही त्याच्यात सामील झालो. मंडळ काढलं. रविवारी श्रमदान सुरू केलं. वनखात्याच्या रोपवाटिकेतून करंज, लिंब, चिंच, आपटा आणि वडाची रोपं आणली, तुराट्यांची कुंपणं केली आणि पाण्याच्या पाळ्या लावल्या. पाळीवाल्यांपैकी निम्मे यायचे. उरलेल्यांचं पाणी मी घालायचो, कारण मी पळून जाणार कुठं?

पाण्याचं जमलं, कचऱ्याचं जमेना. कोंबडीवाल्याची पिसं, लग्नातल्या पत्रावळ्या, सगळं आमच्या रोपांवर येऊन पडायचं. येडेश्वरीच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या थांबल्या की पुरुष मंडळी भिंतीकडं तोंड करून रांगेत उभी राहायची. 'येथे कचरा टाकू नये' अशी पत्र्याची पाटी लावली, तर ती पाटीच कुणीतरी खुराड्याला दार म्हणून नेली.

शेवटी गोरोबा म्हणाला, "आपल्या लोकास्नी माणसाची लाज न्हाय बब्रुवान. पर शेंदराची हाय."

जुन्या रस्त्याचा एक मैलाचा दगड रुंदीकरणात उपटून नाल्यात टाकलेला होता. तो आम्ही हातगाड्यावर घालून आणला. त्याच्यावर तुळजापूरचं अंतर लिहिलेलं होतं, ती बाजू खाली करून दगड उलटा पुरला. तेलात शेंदूर कालवून फासला. मागच्या भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'झाडं वाढवा'. त्या दगडात देव नव्हता हे मी कुठंही सांगायला तयार आहे. जन्मभर कुत्र्यांनी त्याच्यावर पाय वर केलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

२

आठवड्याच्या आत पिसं बंद झाली. रांगा लावणारे पुरुष पुढच्या वळणावर थांबायला लागले. आम्ही दोघं चहा पीत हसायचो.

चैत्रात यात्रेच्या एका टेंपोतल्या बायकांनी चपला काढून दगडाला हात जोडले आणि गोरोबाला विचारलं, ही कोण आई? गोरोबानं एकदा दगडाकडं बघितलं, एकदा भिंतीवरच्या 'वाढवा'कडं बघितलं आणि चेहरा अजिबात न हलवता म्हणाला, "वाढवाई." माझ्या नाकातून चहा आला.

पण नाव दिलं की ते चिकटतं. मंगळवारी-शुक्रवारी गावातल्या बायका ओटी घेऊन यायला लागल्या. पोराची उंची वाढू दे, म्हशीचं दूध वाढू दे, पगार वाढू दे. आईचं नावच तसं, तर मागणं दुसरं काय असणार? आणि झाडं खरोखरच तरारली. भर उन्हाळ्यात, नुसत्या कॅनच्या पाण्यावर, चिंच कमरेला आली. मी त्याचं श्रेय माझ्या कॅनला दिलं, बायकांनी आईला दिलं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तिथं पुजारी नव्हता, त्यामुळं बायका नारळ तसाच, शेंडीसकट, दगडापुढं ठेवून जायच्या. सकाळी मी पाणी घालायला गेलो की त्याची दोन भकलं झालेली असायची. खोबरं खाल्लेलं नाही, करवंटीचा तुकडा इकडं-तिकडं उडालेला नाही. दोन सारखी भकलं शेजारी शेजारी मांडलेली, आणि दोन्हींत पाणी काठापर्यंत. मी घरी एक नारळ घेऊन तसं करून बघितलं. अर्धं पाणी माझ्या धोतरावर गेलं. मग मी म्हटलं, असेल कुणाच्यातरी हाताला कसब, आणि तो विषय सोडून दिला.

आवाजाचंही तसंच. कॅन ओतताना झाडांच्या मागून मधूनच बारीक आवाज यायचा, कट्ट. काडी मोडल्यासारखा, पण काडीपेक्षा कोरडा. थांबलो की थांबायचा.

३

माझ्या घरात त्या वेळी दुसरीच काळजी होती. माझी नात आरोही, चार वर्षांची. मुलगा बालाजी पुण्याला कंपनीत, सून मोनिका आणि आरोही आमच्याजवळ. पोर अंगणवाडीत जायची, गाणी म्हणायची, मला दाढी करू द्यायची नाही. पण अन्नाचं आणि तिचं वैर. दोन घास खाल्ले की तोंड मिटायची. मनगटं माझ्या अंगठ्याएवढी. अंगणवाडीच्या शिवलीलाताई वजनकाट्यावर तिला उभी करायच्या आणि काटा बघून काही न बोलता उतरवायच्या. त्यांचं न बोलणंच मला लागायचं. धाराशिवच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, आजार काही नाही, खाऊ घाला. आख्ख्या हायवेला खाऊ घालणाऱ्या माणसाची नात उपाशी, अशी गावानं चेष्टा केली. मी हसून घेतलं, पण मला त्या पोरीशिवाय जगात दुसरं काही नव्हतं. रोज रात्री मी तिचा श्वास ऐकूनच आडवा व्हायचो.

हॉटेलच्या शेजारी सोमलिंगचं पंक्चरचं दुकान होतं. त्यानं वाढवाईला पाच नारळ बोलले आणि धंदा वाढव म्हणून साकडं घातलं. पुढच्याच महिन्यात हायवेवाल्यांनी दुभाजकातली वळायची फट बंद केली. ढोकीच्या कारखान्याकडं ऊस नेणारे ट्रॅक्टर वळेनात, ट्रक थांबेनात. सोमलिंगनं काही दिवस माश्या मारल्या आणि एका संध्याकाळी शटर खाली ओढलं.

कुलूप लावून तो माझ्याकडं चहाला आला. "काका, दुकान वाढवलं बगा," तो म्हणाला.

दुकान बंद केलं असं कुणी म्हणत नाही, तोंडातून अभद्र निघू नये म्हणून वाढवलं म्हणतात. त्यात नवीन काही नव्हतं. आईनं ऐकलं म्हणायचं तुझं, असं मी त्याला हसत हसत म्हणालो. सोमलिंगही हसला. नंतर कपबश्या विसळताना मात्र मला ते हसणं नकोसं वाटलं.

४

गोरोबा रविवारच्या श्रमदानात गेला. खुरपं हातात होतं, एव्हाना पुरुषभर झालेल्या चिंचेला टेकून बसला, आणि आम्हाला वाटलं दम खातोय. त्याला साखरेचा आजार होता, पेढे सोडत नव्हता, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. म्हणजे कारण होतं. कारण नाही असं त्यातलं काहीच नव्हतं.

त्याची बायको तुळजाबाई रडता रडता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. मागच्याच शुक्रवारी तिनं आईची ओटी भरली होती. धन्याचं आयुष्य वाढव म्हणून पदर पसरला होता. बायका तिला म्हणत होत्या, नशिबापुढं आई तरी काय करणार.

नवरा गेल्यावर बाईचं सौभाग्यलेणं उतरवायची रीत बंद करायचा आमच्या गावानं ठराव केला आहे, पण ठराव पुरुषांच्या बैठकीत झाला होता आणि हे आतल्या खोलीत चाललं होतं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून बसलो होतो. आतून एका म्हातारीचा आवाज आला, दमलेला, मायेचा.

"आण बाई हात. बांगड्या वाढवायच्या हायती."

आणि मग आवाज आला, कट्ट. पुन्हा कट्ट.

झाडांमागून इतके दिवस जो आवाज मला येत होता, तो हा होता. तसूभरही वेगळा नाही. नारळ फोडला म्हणत नाही आपण, वाढवला म्हणतो. दुकान वाढवतो, बांगडी वाढवतो, कुंकू वाढवतो. जे जे संपतं, त्याला आपण हा एक शब्द देऊन ठेवलाय. वाढणं म्हणजे मोठं होणंही आहे, हे आपल्याला कळतं, कारण आपण आईच्या मांडीवर भाषा शिकलोय. त्या दगडाला जो काही शब्द आला, तो आमच्या तोंडूनच आला असणार. मी माझ्या मनाला म्हणालो, बब्रुवान, दोस्त गेलाय म्हणून डोकं फिरलंय तुझं. दगडाला कसली आलीय भाषा?

घरी येऊन अंघोळ केली. माझी बायको सिताबाई मला पाणी देताना डोळे पुसत म्हणाली, तुळजाबाईनं आणि मी एकाच दिवशी ओटी भरली, दोघी मिळूनच गेलो होतो शुक्रवारी.

मी विचारलं, "तू काय मागितलंस?"

"दुसरं काय मागनार?" ती म्हणाली. "म्हनलं, आई, आमच्या आरोहीला वाढव."

५

जे करता येण्यासारखं होतं ते सगळं मी केलं, हे आधी सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी दगडापुढं गेलो. हात जोडायची लाज वाटली, तरी जोडले. बायकोनं मागितलेलं मागं घे म्हणालो. मग वाटलं, मागं घे म्हटल्यावर हा काय मागं घेईल कुणास ठाऊक. मोठी कर म्हणालो, जगव म्हणालो. प्रत्येक शब्द तोंडातून निघाला की त्याला दुसरीकडून एखादी खोच आहे का ते बघत बसलो. दगडावर शेंदराचे थर चढून तो आता दगडासारखा दिसत नव्हता, मऊ दिसत होता. शेवटी मी जोडलेले हात सोडले आणि परत आलो.

मंडळाच्या बैठकीत दगड काढू या म्हणालो. पोरं ऐकेनात. तालुक्याचे साहेब येऊन रान बघून गेले होते, पेपरात फोटो आला होता, शाळेची मुलं डबा खायला तिथं बसत होती. दगड हलवला की उद्या परत पिसं पडतील काका, असं एकजण म्हणाला. दगड मीच आणलाय, मैलाचा आहे, खाली तुळजापूर लिहिलंय, असं मी सांगितलं. मग तर बरंच आहे, दुसरा म्हणाला, म्हणजे भवानीनंच पाठवला. ज्या युक्तीवर मी वर्षभर हसलो होतो, ती आता मला आत घेऊन दार लावून बसली होती.

भिंतीवरचं 'वाढवा' चुन्यानं पुसून मी 'झाडं जगवा' लिहिलं. बायका म्हणाल्या, अक्षर बरं आलंय. आईचं नाव तेच राहिलं.

मग मी मोनिकाला काहीतरी निमित्त काढून आरोहीसकट तिच्या माहेरी, ढोकीला पाठवलं. पोरीला टेंपोत बसवताना वाटलं, आता काय व्हायचं ते माझ्या एकट्याचं होऊ दे. चार दिवसांनी मोनिकाचा फोन आला. तिच्या आवाजात मी इतका आनंद कधी ऐकला नव्हता.

"मामा, पोरगी जेवाया लागली. मागून मागून खातीया. तुमी बगितलं तर वळखनार न्हाय."

सिताबाईनं आख्ख्या आळीला साखर वाटली. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. त्या रात्री मी म्हणालो, बब्रुवान, तू गाढव आहेस. आईनं शब्दाचा सरळ अर्थ घेतला. पोर वाढतेय.

६

ती परत आली तेव्हा गाल आले होते. काट्यावरून उतरवताना शिवलीलाताई पहिल्यांदा हसल्या. सिताबाई म्हणाली, नवस फेडायला पाहिजे. मी नको म्हणालो, पण कारण काय सांगणार? दिवेलागणीच्या आधी आम्ही तिघं रानात गेलो. शेजारणीनं हाक मारली म्हणून सिताबाई कुंपणापाशी थांबली, तेवढ्यात आरोही हात सोडून पुढं पळाली.

रानात गार होतं. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज झाडांत शिरला की बारीक व्हायचा. पान हलत नव्हतं. चिंच ओलांडली आणि मी उभाच राहिलो.

आरोही दगडासमोर मांडी घालून बसली होती. तिच्यापुढं, माझ्याकडं पाठ करून, एक म्हातारी उकिडवी बसली होती. हिरवं लुगडं, पाठीचा कणा लुगड्यातून दिसणारा. तिनं पदराचं टोक चिमटीत धरून हात खांद्याइतका वर उचलला होता आणि तसाच ठेवला होता. हे मी जन्मभर पाहिलंय. देवापुढच्या दिव्याला आमच्याकडं तोंडाचा वारा लागू देत नाहीत. बायका पदराचं टोक धरतात आणि एक झुळूक देतात, दिवा वाढवतात. हात हलवण्याआधी ज्योतीकडं बघून जरा थांबतात. ती तशी थांबली होती.

आरोहीच्या कपाळावरचे केस हलकेच उडत होते.

मी ओरडलो असेन. आरोहीनं वळून बघितलं आणि हसली. दगडाशेजारी करंजाचं झुडूप होतं, हिरवंगार, आणि दुसरं कुणी नव्हतं. मी तिला उचलून छातीशी धरली. ती उबदार होती, जड होती. कुणाशी बोलत होतीस, मी विचारलं. आजीशी, ती म्हणाली. तिची आजी तर अजून कुंपणापाशीच होती.

"काय म्हनली आजी?"

"जेवलीस का इचारलं. म्या म्हनलं, व्हय, दोन भाकरी." आरोही माझ्या गळ्याला हात घालून, कंटाळल्यासारखी सांगत होती. "मग म्हनली, हाय आजून तेल."

७

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सिताबाईला सांगितलं तर ती मागितलेलं मनात धरून मरून जाईल. बालाजीला अर्धंमुर्धं बोललो तर तो म्हणाला, आबा, पुण्याला या, तुमचं डोकं एकदा दाखवून घेऊ. लेकराला कुठं लांब न्यावं म्हटलं, तर ढोकीला पाठवून बघितलंच होतं, आईचा हात तिथंही पोचला होता. दगड फोडावा म्हटलं, तर तो फोडला असं तरी कोण म्हणणार आहे?

माझ्या हातात फक्त स्वयंपाकघर आहे. पोर खाते तोवर दिव्यात तेल आहे, एवढंच मला कळलं होतं. हॉटेल मी गड्यावर टाकलं आणि पोरीचं ताट स्वतः करायला लागलो. भाकरी-लोणी, तुपातलं वरण, शिरा, शेंगदाण्याचा लाडू. ती ताट पुढं करते आणि म्हणते, "आबा, वाढ." पहिल्या दिवशी तो शब्द ऐकून मी वाटी खाली ठेवली. घरात हा शब्दच बंद करावा असं वाटलं, पण जेवायला बसलेल्या लेकराला दुसरा कोणता शब्द शिकवणार? ती वाढ म्हणते, मी वाढतो. ती मागेल तोवर मी वाढीन. गावातली माणसं म्हणतात, बब्रुवानकाका नातीपुढं पार वेडा झालाय. होय म्हणतो.

आज दुपारी लाइट गेली होती, पंखा बंद होता. आरोही भिंतीला टेकून जेवायला बसली. भाकरीचा एक तुकडा मोडला, वरणात बुडवला, आणि तसाच ताटात ठेवला. मी पातेलं घेऊन पुढं सरकलो. तिनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"आबा, बास," ती म्हणाली. "आता नगं वाढू."

चुलीपासून सिताबाई म्हणाली, "भरलं आसंल पोट. उगं कोंबू नगा लेकराला."

मी पळी धरून उभा राहिलो. दार लोटलेलं होतं, खिडकी बंद होती, आणि आरोहीच्या कपाळावरचे केस हलायला लागले.